मिररवरची ओळ

१

लोकांना नाही म्हणायचं, हे माझं काम. तेही गोड बोलून.

म्हणजे बघा, आमची कंपनी श्रवणयंत्रं बनवते, कानात घालायची मशीनं. त्यांच्या आत जो प्रोग्रॅम चालतो तो आम्ही जगाला उघडा ठेवलाय. कुणीही बघा, कुणीही वापरा. पण खरा कोड असतो ऑफिसातल्या आतल्या सर्व्हरवर. बाहेर सगळ्यांना दिसते ती त्याची नक्कल, तिला आम्ही मिरर म्हणतो. दर तासाला आतलं सगळं बाहेर उतरतं, बाहेरचं आत काहीही येत नाही. तरी लोक त्या नकलेवरच सूचना पाठवत राहतात. "ही ओळ चुकलीय, मी सुधारून दिलीय, घ्या." कुणी मागितलेलं नसताना. कधी एखादी विद्यार्थिनी, कधी रिटायर झालेला इंजिनियर, कधी ज्याच्या कानात आमचं मशीन शिट्टी वाजवतंय असा वैतागलेला माणूस. या सगळ्यांना वाटेला लावायची जबाबदारी माझी. ऑफिसात मला 'दारवान' म्हणतात ते त्यामुळेच.

सुरुवातीला मी एकेकाला बसून उत्तर लिहायचे. मग कंटाळा आला आणि एक छोटा प्रोग्रॅम लिहून टाकला. सूचना आली की तो आपला आपण सांगतो: "आपले मनःपूर्वक आभार. आपली सूचना आम्ही काळजीपूर्वक वाचली. मात्र ही केवळ प्रतिकृती असल्याने येथे बदल स्वीकारले जात नाहीत." की सूचना बंद. त्यातलं 'काळजीपूर्वक वाचली' हे माझ्या पदरचं. वाचत कुणीच नव्हतं. मशीनच आभार मानायचं, मशीनच दार लावायचं आणि मी चहा पीत असायचे. तोंडाला पानंच पुसायची तर निदान हिरवीगार तरी असू देत, असा विनोद मी तेव्हा केला होता आणि सगळे खो खो हसले होते.

'पलीकडची' हे नाव मी बंद झालेल्या सूचनांमध्ये पाहिलं. लोक काय वाट्टेल ती नावं घेतात, त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही. एवढंच दिसलं की या बाईची एकच सूचना पुन्हा पुन्हा येतेय. बंद केली की परत हजर. मला उलट रागच आला. एकदा सांगितलेलं कळत नाही का माणसाला?

आत काय लिहिलंय ते मी उघडून बघितलं नाही.

२

आई माझ्याकडे राहते. राहायची. दोन्ही कानांनी तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही आणि तिच्या कानातलं मशीन अर्थातच आमच्याच कंपनीचं. मुलगी त्या धंद्यात, मग दुसरं कुणाचं घेणार?

ते मशीन गेले काही दिवस चीं चीं करत होतं. आई रोज सांगायची, "ठमे, हे बघ ना गं जरा." ठमी म्हणजे मी. लहानपणी गोल होते, तेव्हाचं नाव चिकटलंय. आणि मी रोज म्हणायचे, "हो गं, बघते नंतर." लॅपटॉपवरची मान न हलवता. तिला माझे ओठ दिसले की पुरायचं, ती परत जाऊन आपल्या खोलीत बसायची.

एका रविवारी सकाळी मात्र ती मशीन हातात घेऊन माझ्यासमोर येऊन उभीच राहिली. आता हिची ब्याद एकदाची मिटवावी, असं मनात आलं. हो, हाच शब्द आला होता. सांगायला लाज वाटते, पण आला होता.

शिट्टी घालवायला मशीनमध्ये प्रोग्रॅम नव्याने भरावा लागतो. तो आतल्या सर्व्हरवरून घ्यायचा असतो आणि घरून मिळत नाही. ऑफिसात जा, अर्ज करा, तपासणाऱ्याची सही घ्या. आमच्याकडे नियमच आहे की मिररवरचं काही कुणाच्या कानात घालायचं नाही. हा नियम मी लिहिलाय. नव्याने आलेल्यांना मीच तो बोट नाचवून शिकवते. पण रविवार होता, बाहेर ऊन होतं आणि मिरर म्हणजे शेवटी तेच ना, शब्दाला शब्द. मी जेवणाच्या टेबलावर बसल्या बसल्या मिररवरून प्रोग्रॅम उतरवला, मशीनमध्ये भरला आणि ते आईच्या कानात घातलं.

आईचा चेहरा असा खुलला की मलाच बरं वाटलं. "अगंबाई, चमचा वाजतोय!" म्हणाली. मग नळ सोडून बघितला, वर्तमानपत्राची घडी घालून बघितली. शिट्टी गेली होती. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

दुपारी ती तिच्या खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, "पलीकडे कोण राहायला आलंय गं?"

"कुठे पलीकडे?"

"माझ्या पलंगाच्या मागे. बाई आहे कुणीतरी. सारखी बोलतेय."

आमचं घर मजल्याच्या टोकाला. आईच्या पलंगामागची भिंत ही इमारतीची शेवटची भिंत. तिच्यापलीकडे खाली रस्ता आहे आणि वर आभाळ.

"रस्त्यावरचा आवाज असेल," मी म्हटलं. "नवीन प्रोग्रॅम आहे, सवय व्हायला वेळ लागतो."

ती परत खोलीत गेली. एवढी वर्षं मशीन वापरणाऱ्या बाईला रस्ता कुठला आणि खोली कुठली हे कळतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

३

त्यानंतर आई दुपारची पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. घाबरलेली नव्हती. उलट बरी दिसत होती, केस नीट विंचरलेले, अंगावर धुतलेली साडी. कुणी यायचं असलं की बसतात तशी.

मी एकदा दारातून पाहिलं. भिंतीपासून हातभरावर बसून ती मान डोलवत होती. मग म्हणाली, "हो ना. मग काय करणार?" थोडी थांबली. "नाही हो, तसं नाही."

मी तिच्या खांद्याला हात लावला तशी ती दचकली.

"कुणाशी बोलतेस आई?"

"त्या बाईंशी. बिचारी. म्हणते, किती वेळा सांगून झालं, कुणी वाचतच नाही. नुसतं आभार मानतात आणि दार लावून घेतात."

तिच्या खांद्यावरचा हात मी काढून घेतला. मग लगेच डोकं चालायला लागलं. मीच कधीतरी जेवताना बोलले असेन हे. आईने ओठ वाचले असतील. म्हाताऱ्या माणसांच्या मनात काय कशाला जाऊन चिकटेल, सांगता येत नाही. हे सगळं मी स्वतःला पटवलं आणि ते पटलंही. फक्त घरात बसून मी ऑफिसचं काही सांगितल्याचं आठवेना. आईशी मी इतकं बोलतच नव्हते.

४

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या पलीकडचीची सूचना उघडली. पहिल्यांदाच.

बदल अगदी बारीक होता. खोली शांत असली की मशीनला स्वतःचीच सूं सूं ऐकू येते. ती माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून आमच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ आहे, ठरलेल्या मर्यादेखालचा आवाज ती कापून टाकते. बाईंनी ती ओळ काढली होती आणि खाली लिहिलं होतं, "याच्या खाली नुसता गोंगाट नाही, माणसं आहेत. कृपया कापू नका."

सोबत आवाजाचा नमुना जोडला होता. तारीख बघितली, तर मी आईच्या मशीनला हात लावला त्याच्या कितीतरी आधीची. मी हेडफोन लावला.

एक खोली. घड्याळाची टिकटिक. लांबवर नळ गळत होता. खुर्ची सरकली. मग एक म्हातारा आवाज म्हणाला, "ठमे, ऐकतेस का?"

आणि एक बाईचा आवाज, घाईतला, कोरडा: "हो गं, बघते नंतर."

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. आजूबाजूला सगळं रोजच्यासारखं चाललं होतं, प्रिंटर कुरकुरत होता, कुणीतरी डबा उघडला होता. माझे कान तापले. मला भीती नंतर वाटली. आधी वाटली ती लाज. तो आवाज माझा आहे हे ओळखायला मला एक क्षण लागला होता, आणि तेवढ्यात मी मनात म्हटलं होतं, कोण ही बाई, आईशी असं बोलतात का?

मी परत लावून ऐकलं. माझ्या उत्तरानंतर बराच वेळ नुसती शांतता होती. त्या शांततेच्या तळाशी काहीतरी होतं, पण हेडफोनवर ते धरता येत नव्हतं.

मग मी आतला कोड उघडला. ती कापणारी ओळ होती जागच्या जागी. मिररवर गेले. तिथे ओळ नव्हती.

सूचना तर बंद केलेली होती. कुणी स्वीकारलेली नव्हती. मिररवर लिहायचा हक्क दर तासाला आतलं बाहेर उतरवणाऱ्या माझ्या प्रोग्रॅमशिवाय कुणाला नाही. मी तो हाताने चालवला, आतलं सगळं बाहेर नव्याने उतरवलं. ओळ परत आली. हुश्श केलं, पाणी प्यायले, पान पुन्हा उघडलं. ओळ गेलेली.

शेजारच्या टेबलावर आमचे बुवा बसतात. कंपनीतले सगळ्यात जुने इंजिनियर, काहीही विचारलं की आधी प्रवचन देतात म्हणून बुवा. मी त्यांना बोलावून दाखवलं. सगळं नाही, नुसती ओळ.

"अगं दारवान, मूळ ठीक आहे ना? मग झालं तर," ते म्हणाले. "नकलेचं काय घेऊन बसलीस? ती काय कुणाच्या कानात जाणार आहे?"

"नाही," मी म्हटलं. "कुणाच्या कानात जाणार?"

"तेच तर." आणि ते चहाला गेले.

सांगायची वेळ तीच होती. बुवा रागावले असते, पण भला माणूस आहे, मार्ग काढला असता. मी मूग गिळून गप्प बसले. नियम लिहिणारीनेच नियम मोडला, हे ऑफिसभर झालं असतं. हसले असते सगळे. माझ्यासारख्या, दुसऱ्यांना हसणाऱ्या बाईला दुसऱ्यांचं हसणं सोसत नाही.

५

त्या आठवड्यात दादा आला. माझा मोठा भाऊ, दुसऱ्या शहरात असतो. दुपारी त्याने आईला भिंतीशी गप्पा मारताना पाहिलं.

"भिंतीला कान असतात ऐकलं होतं," तो मला म्हणाला. "तोंडही असतं होय?" पण हसला नाही. "किती दिवस चाललंय हे? तू मला कळवलं का नाहीस? अगं, डोकं गेलंय तिचं. दिवसभर एकटी असते. उद्या गॅस उघडा ठेवेल, दार उघडून चालू लागेल. माझ्या घराजवळ एक वृद्धाश्रम आहे, चांगला आहे. डॉक्टरांना दाखवू आणि तिकडेच नेऊ."

"आई नाही जायची."

"मग तू सांग काय करायचं."

मला माहीत होतं काय करायचं. म्हणायचं, दादा, आईचं डोकं ठिकाणावर आहे, मी तिच्या मशीनमध्ये भलतंच काही घातलंय. एवढंच. एका वाक्याचं काम. मी म्हटलं, "बघते."

आई जेवून झोपली होती. मशीन उशाशी काढून ठेवलेलं. ऑफिसातून रीतसर सही घेऊन आणलेला खरा प्रोग्रॅम माझ्याजवळ होता, मी तो गुपचूप मशीनमध्ये भरला आणि मशीन होतं तसं ठेवून दिलं. वाटलं, आवाज बंद होईल, आई पहिल्यासारखी होईल, दादा जाईल परत. कुणालाच काही सांगायला नको.

आई उठली, मशीन घातलं आणि भिंतीकडे वळून बसली. बसून राहिली. मग मशीन काढून फुंकर मारली, परत घातलं. उठून भिंतीला कान लावला. मी दारात उभी होते.

"ठमे, गेल्या का गं त्या?"

"कोण?"

"त्या बाई."

"आई, तिथे कुणी नव्हतंच," मी म्हटलं. ओठ नीट दिसावेत म्हणून सावकाश, एकेक शब्द सुटा करून. "तुला भास होत होता."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. आई माझे ओठ पन्नास-एक वर्षं बघत आलीय. मी खोटं बोलले की तिला आवाज लागत नाही.

"असेल," ती म्हणाली.

डॉक्टर तरुण होते आणि सभ्य. त्यांनी आईला लिहून विचारलं, आवाज ऐकू येतात का? आईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "यायचे. भास होता तो. मुलगी म्हणाली ना."

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही याच क्षेत्रातल्या. मशीनमध्ये काही दोष असू शकतो का? असला तर प्रश्नच मिटला. मला यांच्यात बाकी काही दिसत नाहीये."

दादा माझ्याकडे बघत होता. आईही बघत होती, आणि देवाशपथ सांगते, तिने मान अगदी किंचित हलवली. नको, अशी. राहू दे, असू दे, अशी. माझ्या शाळेतल्या भानगडी बाबांपासून लपवताना हलवायची तशी.

"नाही," मी म्हटलं. "मशीन ठीक आहे."

आणि ते ठीकच होतं. मीच तर ठीक केलं होतं.

६

आईला दादा घेऊन गेला. जाताना तिने मशीन टेबलावर ठेवलं. "तुझं तुला राहू दे," म्हणाली. "त्यात आता काही नाही." मी तिच्या पिशवीत कोंबायला गेले तर तिने माझा हात हळूच बाजूला केला.

पलीकडचीच्या सूचना थांबल्या. मी सकाळी ऑफिसात गेले की आधी तेच पान उघडायचे. उत्तर देणारा तो प्रोग्रॅम बंद केला होता, आता सगळं स्वतः वाचत होते. बाकीच्यांच्या येत होत्या. तिची नाही.

एका दुपारी राहवलं नाही. डोकं दुखतंय म्हणून घरी आले. आधी वृद्धाश्रमात फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, "आजी बऱ्या आहेत. जेवल्या. बोलत मात्र नाहीत हो कुणाशी, भिंतीकडे तोंड करून बसतात. हाक मारली तरी वळत नाहीत."

"त्यांना ऐकू येत नाही," मी म्हटलं.

"तेही खरंच म्हणा."

मी मिरर उघडला. ओळ तिथे नव्हती, मला वाटलंच होतं. सगळं उतरवून मशीनमध्ये भरलं, आईच्या खोलीत गेले आणि मशीन कानात घातलं.

आधी नुसती सूं सूं. मग माझ्याच गळ्याखालचा गिळण्याचा आवाज. चादर काढलेला पलंग, त्यावर वळकटी, खिडकीतून आलेलं ऊन. मी भिंतीजवळ सरकले. खाली रस्त्यावर एक गाडी गेली, तिचा आवाज भलत्याच बाजूने आला. मी स्वतःला सांगत होते की काही नाही, प्रोग्रॅम कापत नाही त्यामुळे खरखर ऐकू येतेय, मेंदू त्यात काहीही घुसडतो. हे मी नव्या मुलांना शिकवते सुद्धा.

मग ती बाई बोलली. भिंतीच्या अगदी लगत, पलीकडे. दमलेला आवाज, पण शांत. घरात दोघी बसून काम करताना बोलावं तशी बोलत होती.

"तिने एकदा जरी वाचलं असतं, तर तुम्हाला इथे यायची वेळ आली नसती."

कुणीतरी घसा खाकरला. बोलायच्या आधी दोनदा खाकरायचं आणि मग पदराने तोंड पुसायचं, हे मी जन्मापासून ऐकत आलेय. मी पलंगाची कड धरली.

"जाऊ द्या हो," आई म्हणाली. तिचा आवाज चांगला होता, ठणठणीत, मशीन नसतानाच्या काळातला. "इथे बरं आहे. बोलायला माणूस आहे."

"राग नाही येत तुम्हाला तिचा?"

कसलातरी कपडा झटकल्याचा आवाज आला. पलीकडे घडी घालत होत्या त्या, दोघी.

"मी सांगून बघितलं ना तिला. लहान होती तेव्हापासून सांगतेय," आई म्हणाली. "मनाने वाईट नाही हो माझी ठमी. तिला ऐकू येत नाही. ज्याला ऐकूच येत नाही त्याच्यावर कशाला रागवायचं?"

मशीन माझ्या कानात होतं आणि मला शब्दन् शब्द ऐकू येत होता. ती इतकी जवळ होती की मी नुसतं 'आई' म्हटलं असतं तरी पोचलं असतं. पण कोणत्या तोंडाने म्हणणार? मी तिथेच उभी राहिले, श्वासाचा आवाजसुद्धा पलीकडे जाऊ नये म्हणून तोंडावर हात दाबून.